फुलपात्राबाहेरचा खुराक

जानेवारीचा दुसरा आठवडा, गुळाचा हंगाम ऐन भरात. दोघांनी पुढून पट्टा ओढत आणि एकाने मागून रेटत एका पिवळसर लॅब्रॉडॉरला माझ्या दवाखान्याची पायरी चढवली. पायरी एकच आहे. ती चढून झाल्यावर कुत्रा असा काही धापा टाकत बसला, की जणू पायथ्यापासून जोतिबा चढून आला.

तक्रार वजनाची नव्हतीच. "मागचा उजवा पाय धरतोय, डॉक्टर. एखादं इंजेक्शन टोचा." वजनाचा विषय मी काढला तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, "लॅबच हाय न्हवं, असतंयच की." आणि मग प्रत्येक जाड कुत्र्याच्या घरी ऐकू येतं ते वाक्य आलं: "आणि खातोय कुठं ओ तो? सकाळी एक फुलपात्र, रात्री एक. बास."

या कुत्र्याला इथे ब्रुनो म्हणू. घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख लपवून. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर, शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत. घरात माणसं आठ: आबा, आज्जी, दोन मुलगे, दोन सुना, दहावीतली नात आणि पाचवीतला नातू. आठ हा आकडा लक्षात ठेवा. माझ्या तो लक्षात यायला आठवडा लागला.

वजन भरलं ४२.६ किलो. वय पाच, नर, नसबंदी झालेला. रक्त तपासलं. थायरॉइडचा दोष असेल तर कमी खाऊनही कुत्रा फुगतो, म्हणून ती शंका आधी फेडून घ्यावी लागते. अहवाल ठीक आला. गुडघ्यात झिजेची सुरुवात होती. चार दिवसांचं दुखणं कमी करणारं औषध दिलं आणि सांगितलं, की या गुडघ्याचं खरं औषध खाण्याच्या भांड्यात आहे.

मग थोरल्याचा हात धरून ब्रुनोच्या बरगड्यांवर ठेवला. ही खूण सगळ्यांनाच सांगतो. आपल्या हाताची मूठ वळा आणि वरच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो रोड आहे. आता मूठ सोडून पंजा सरळ करा आणि पालथ्या हातावरच्या हाडांवरून बोट फिरवा. तशा लागल्या तर झकास. तळहाताच्या गादीवर दाबल्यासारखं लागलं, हाड शोधावं लागलं, तर चरबी आहे. ब्रुनोच्या बरगड्या तळहातावरूनही खोल होत्या. वरून बघितलं तर कंबर नाही, बाजूने बघितलं तर पोट छातीच्या रेषेत, वर चढलेलं नाही.

जगभर पशुवैद्य यासाठी १ ते ९ अशी श्रेणी वापरतात. ४-५ म्हणजे योग्य, ९ म्हणजे अतिस्थूल. पाचच्या वर प्रत्येक अंकाला साधारण १० ते १५ टक्के वजन जादा धरतात. ब्रुनो आठवर होता. प्रत्येक अंकाला १० टक्केच धरले तरी ३० टक्के जादा, म्हणजे ४२.६ भागिले १.३, उत्तर ३३ किलोच्या जवळ. हा अंदाजच, पण पडताळा माझ्याच रजिस्टरात मिळाला. अडीच वर्षांपूर्वी नसबंदीच्या दिवशी त्याचं वजन ३४.१ होतं.

नसबंदी मीच केली होती. तिच्यानंतर कुत्र्याची ऊर्जेची गरज घटते, अंदाजे पाव हिश्श्याने, आणि भूक मात्र वाढते. टाके काढायला आले त्या दिवशी हे सांगायला हवं होतं. रजिस्टरात तशी नोंद नाही, म्हणजे सांगितलं नसणार. ही चूक माझी. अडीच वर्षांत साडेआठ किलो म्हणजे महिन्याला जेमतेम पाव किलोच्या वर. रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांत ते भरत नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या तर दिवसाला साठत गेलेली ऊर्जा होते सत्तरएक कॅलरी. तीन ग्लुकोज बिस्किटं. (कॅलरी म्हणजे इथे सगळीकडे किलोकॅलरी. बोलताना आपण तसंच म्हणतो.)

"पाठीवर दहा किलोचा गुळाचा रवा बांधून फिरतोय तो," असं म्हटल्यावर मात्र थोरला गप्प झाला. रवा म्हणजे गुळाची ढेप. अडतीवाल्याला दहा किलोचा रवा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हमालाने तो उचलला की खाली ठेवतो तरी. ब्रुनोला ठेवायची सोय नव्हती.

सूत्र

कुत्र्याला किती घालायचं याचं एक सूत्र आहे आणि ते अवघड नाही. स्वस्थ पडून असताना श्वास, हृदय, शरीराची ऊब यांवर जेवढी ऊर्जा लागते ती म्हणजे ७० गुणिले वजनाचा पाऊण घात. 'पाऊण घात' ऐकून घाबरू नका, मोबाइलच्या गणकयंत्रावर जमतं. वजन तीनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, मग ७० ने गुणा. ३३ × ३३ × ३३ म्हणजे ३५,९३७. एकदा वर्गमूळ १८९.६, दुसऱ्यांदा १३.७७. सत्तरने गुणून ९६४.

यात गुणक येतो तो कुत्र्याच्या आयुष्याप्रमाणे. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला १.६, न झालेल्याला १.८, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ३, त्यापुढे वाढ पुरी होईपर्यंत २. वजन उतरवायचं असेल तर १, आणि तेही आजच्या वजनावर नाही, हव्या असलेल्या वजनावर. लोक इथेच घसरतात. पाकिटावरच्या तक्त्यात ४२ किलोसमोरचा आकडा बघून घालतात, म्हणजे जो दहा किलोचा रवा उतरवायचा त्यालाही रोज जेवू घालतात.

म्हणजे ब्रुनोला ३३ किलोवर टिकवायचा तर सूत्राप्रमाणे १,५४० कॅलरी आणि उतरवायचा तर ९६४.

आता पाकीट. त्यांच्या पाकिटावर कॅलरीचा आकडाच नव्हता, आपल्याकडे बऱ्याच पाकिटांवर नसतो. पण प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा यांचे टक्के असतात. त्यावर होतं २२, १२, ४, १०. राख लिहिलेली नव्हती, तिचे ८ धरले. शंभरातून हे सगळं वजा केलं की उरलेले ४४ टक्के पिष्ट. प्रथिन आणि पिष्टाला ग्रॅममागे साडेतीन कॅलरी, चरबीला साडेआठ: ७७ अधिक १०२ अधिक १५४, म्हणजे १०० ग्रॅमला ३३३ कॅलरी. नातीने तिथेच तोंडी करून दाखवलं. "मी करतो रोज हिशेब," म्हणाली. (बाहेरच्यांसाठी: आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'करतो'च म्हणतात.)

आणि फुलपात्र? मी ते घरून मागवलं. सपाट भरलं तर बरोबर १०० ग्रॅम दाणे मावले. म्हणजे त्यांच्या सांगण्याप्रमाणे दिवसाला २०० ग्रॅम, ६६६ कॅलरी. ४२ किलोचा कुत्रा यावर वाळायला हवा होता. थोरला खोटं बोलत नव्हता हे मला दिसत होतं, आणि आकडा खरा नव्हता हेही.

वही

मी एक आठवड्याची वही मागितली. अट एकच: काही कमी करायचं नाही, काही लपवायचं नाही, जो जे घालेल त्याने ते लिहायचं. तीन दिवसांनी नातूने पहिली पानं आणून दाखवली. त्यात होतं: "आज्जी – थोडंसं दूध. आबा – बिस्किट. काकू – जरासं. बाबा – चवीपुरतं."

थोडंसं, जरासं, एवढंसं, चवीपुरतं, उगं आपलं. घराघरातली कुत्री या मापांवर पोसली जातात. आणि हे घर कुणाचं, तर अडतीवाल्याचं! यार्डात रव्याचं वजन शंभर ग्रॅम इकडचं तिकडे झालं तर शेतकरी आणि व्यापारी दोघं काट्याभोवती जमतात. तोच माणूस घरी आल्यावर कुत्र्याला 'उगं आपलं' घालतो. मी थोरल्याला हे बोललो. लागलं त्याला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक काटा आला आणि वही नव्याने सुरू झाली, या वेळी नातीच्या ताब्यात.

आठवड्याने जे पुढं आलं ते असं.

फुलपात्र सकाळी थोरली सून भरायची आणि रात्री धाकटा मुलगा. दोघंही शीग लावून. तिची शीग २८ ग्रॅमची, त्याची १७ ची. धान्य मापताना मापट्यावरून हात फिरवतात तसा इथे कुणी फिरवत नव्हतं. म्हणजे २०० चे २४५ ग्रॅम, ८१६ कॅलरी. ही चूक दिसायला मोठी, पण खरा हिशेब तिच्यात नव्हता.

आज्जी पहाटे उठतात. ब्रुनो त्यांच्या पायाशी. शाळूची अर्धी शिळी भाकरी कुस्करून म्हशीच्या पावशेर दुधात. भाकरी आपल्याकडची, ९० ग्रॅम पिठाची, म्हणजे अर्धीच्या १५५ कॅलरी. दूध २०० मिलिलिटर भरलं, २२० कॅलरी. आज्जींच्या मते हे जेवण नव्हे, 'तोंड धुतल्यावरचं'.

आबांच्या दोन वेळच्या चहाला मिळून सहा बिस्किटं, दीडशे कॅलरी. जेवणं उरकल्यावर धाकट्या सुनेची एक तूप लावलेली चपाती, कारण ती उरतेच: १५५. नातवाला उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक आवडत नाही, तो टेबलाखाली जातो: ५५. शेजारचे काका संध्याकाळी कट्ट्यावर भडंग खात बसतात, मूठभर ब्रुनोला: शंभराच्या आसपास. आणि धाकट्याने आणलेल्या चघळायच्या काड्या, रोज दोन: ६०.

बेरीज करा. फुलपात्राबाहेरच्या कॅलरी ८९५, आतल्या ८१६. त्यावर बुधवार-रविवारचं मटण. चरबी, हाडं, रश्श्यात बुडवलेली भाकरी, दर खेपेला ४०० तरी. आठवड्याची सरासरी काढली की दिवसाला १,८२५ कॅलरी. त्या आठवड्यात एकादशीही आली होती. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण माणसांसाठी आहे, पण दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी ब्रुनोनेही उपवासाची म्हणूनच खाल्ली. ती मी हिशेबात धरलीच नाही.

या आकड्यांकडे बघत मी बराच वेळ बसलो, तो एका गोष्टीमुळे. भांड्यातल्या कॅलरी ८१६. वजन उतरवायला सूत्र देतं ९६४. म्हणजे घरचे म्हणत होते ते शब्दशः खरं होतं, 'खातोय कुठं तो.' भांड्यातलं खाणं कमीच होतं. वर्षभरापूर्वी कुणीतरी "जाड झालाय" म्हणाल्यावर त्यांनी तीन फुलपात्रांची दोन केली होती. कात्री लागली ती नेमकी समतोल अन्नाला, ज्यात प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं मापाने असतात. बिस्किटं, चपाती, दूध यांना कुणी हात लावला नाही, कारण ते कुणाच्या हिशेबात 'खाणं' नव्हतंच. निम्म्याहून जास्त कॅलरी अशा वाटेने येत होत्या, जिला घरात नावच नव्हतं.

आठ जणांपैकी प्रत्येकाने एकट्याने विचार केला तर कुणीच जास्त घालत नव्हतं. सहा बिस्किटांनी काय होतंय? एका चपातीने काय होतंय?

चतकोर

इलाज ठरवायला आठही जणांना बोलावलं. सहा आले, दोघं अडतीवर. मी म्हणालो, "भांड्यातलं वाढवायचं." सगळे माझ्याकडे बघत राहिले. २४५ चं २६० ग्रॅम. त्याच्या ८६६ कॅलरी. ९६४ मधून उरल्या शंभराला थोड्या कमी. भांड्याबाहेरचं, लाडाचं, सगळं मिळून एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवावं असा नियम आहे, तो इथे आपोआप बसत होता. प्रश्न इतकाच की ते शंभर कुणाच्या हातचे?

रश्श्याला मी मुळातच नाही म्हणालो, आणि ते कॅलरीमुळे नव्हे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजलेलं हाड फुटून त्याच्या काचा होतात, आणि एकदम पोटात गेलेल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. आबांनी वाद घातला. "तांबडा नको, समजलं. पांढरा तर सौम्य असतोय." पांढऱ्या रश्श्यात तिखट नसतं, पण लसूण असतो, आणि नारळाचं दूध, काजू, मटणाची चरबी हे सगळं त्यात विरघळलेलं. माणसाला तो सौम्य. भडंगातही लसूण असतोच, तेव्हा शेजारच्या काकांची मूठ त्याच दिवशी थांबली.

खरी अडचण आज्जींची होती. त्या उठून उभ्या राहिल्या. "मुक्या जनावराला उपाशी ठेवायचं? आमच्या घरात दारात आलेलं कुत्रं कधी भाकरीबिगर गेलं न्हाई." मी त्यांना तो अमेरिकेतला अभ्यास सांगितला. ४८ लॅब्रॉडॉर, एकाच विणीतल्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न, आणि हे जन्मभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला: कमी खाणाऱ्यांचं मध्य आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. जवळजवळ पावणेदोन वर्षं जास्त! नातीचे डोळे चमकले. आज्जी म्हणाल्या, "मग मी पण निम्मंच जेवू काय आता?"

गाडी अडली ती आबांनी पुढे काढली. तरुणपणी आबा तालमीत होते, कान अजून साक्ष देतात. इतका वेळ ते वहीच पुन्हापुन्हा बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, पैलवान तालीम सोडतोय आन् खुराक सोडत न्हाई, तेव्हा काय होतंय ठावं हाय? वर्षात अंग सुटतंय. आमच्याबरोबरचे निम्मे तसेच गेले. ह्यो तर लाल मातीत कधी उतरलाच न्हाई, नुसता खुराक." मग आज्जींकडे वळून, "आगं, मेहनत बघून खुराक आसतोय."

माझ्या सूत्रातला गुणक म्हणजे तरी दुसरं काय? पडून राहणाऱ्याला एक, फिरणाऱ्याला दीड, राबणाऱ्या कुत्र्याला दोन-तीन आणि त्याहून जास्त. वस्तादाला हे सूत्राशिवाय कळतं.

तोडगा मग असा निघाला. भांड्याबाहेरचे शंभर पूर्णच्या पूर्ण आज्जींना. अर्धी भाकरी नाही, चतकोर: ७८ कॅलरी. दूध नाही, बिनमिठाचं पातळ ताक, भाकरी भिजण्यापुरतं. बाकी सात जणांना स्वतःचं असं काही घालता येणार नाही. पण हातही अडवायचे नव्हते. कुत्र्याला काहीतरी भरवणं हेच त्याच्याशी बोलणं असलेल्या माणसाला 'घालू नको' म्हटलं तर तो चोरून घालतो. म्हणून नात रोज सकाळी २६० ग्रॅम दाणे मोजणार: १०० सकाळच्या भांड्यात, १०० रात्रीच्या, आणि ६० एका डब्यात. ज्याला द्यायचं त्याने डब्यातून एकेक दाणा द्यायचा. डबा रिकामा झाला की दिवस संपला. डब्याचे राखणदार आबा.

लॅबला दाणा चिकनचा आहे की चपातीचा तुकडा, याने फारसा फरक पडत नाही. हातातून काहीतरी आलं हे त्याला पुरतं. फरक पडला तो भरवणाऱ्यांना. धाकटी सून पहिल्या आठवड्यात म्हणाली, "एक दाणा काय द्यायचा, लाज वाटती."

काकडी आणि उकडलेली फरसबी मी हिशेबाबाहेर मोकळी ठेवली. शंभर ग्रॅम काकडीत पंधराएक कॅलरी, त्याचं काय मोजायचं. खास वजन उतरवायचं खाद्य मिळतं, त्यात प्रथिन आणि तंतू जास्त असतात आणि भूक भागते. ते मी सुचवलं होतं, खर्च बघून घरच्यांनी नको म्हटलं. भांड्यातलं अन्न घटत नव्हतं, उलट थोडं वाढत होतं, म्हणून मीही रेटा लावला नाही. नेहमीचंच खाद्य निम्म्यावर आणायची वेळ असती तर लावला असता.

वजन दर शनिवारी, यार्डातल्या अडतीवर, रवे मोजतात त्याच काट्यावर.

दुधाचा वास

आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरणं सुरक्षित. ब्रुनोसाठी सुरुवातीला ४०० ते ८५० ग्रॅम. दुसऱ्या शनिवारी ४१.५, चौथ्या ४०.३, सहाव्या ३९.३. पाय धरणं थांबलं. मी म्हणालो, आता चालवा. थोरला रोज पहाटे त्याला घेऊन रंकाळ्यावर जाऊ लागला, जाऊन-येऊन तीन किलोमीटर.

आणि वजन अडलं. ३९.२. ३९.२. ३९.१.

तीन आठवडे. चालणं वाढलेलं, खाणं तेवढंच, मग हे काय? वजन उतरताना शरीर काटकसर शिकतं हे खरं, पण इतकं नाही. मला आज्जींचाच संशय आला आणि मी फोनवर तसं विचारलंही. विचारायला नको होतं. त्या काही बोलल्या नाहीत, फोन नातीकडे दिला.

पण छडा लावला तो त्यांनीच. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरून आलेला ब्रुनो चतकोरीसाठी त्यांच्या पायाशी बसला, त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि वास घेतला. दोन महिने या घरात त्याला दूध बंद होतं. "माझं दूध बंद केलंत, आन् दुसऱ्याचं चालतंय व्हय रं?"

थोरला रंकाळ्यावरून येताना वाट वाकडी करून गंगावेशीतून यायचा. तिथल्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर पिळून धारोष्ण दूध देतात. कोल्हापूरकराचा पाय तिथे थांबतो, त्यात नवल नाही. स्वतःला एक पेला आणि 'एवढा चालतोय बिचारा' म्हणून ब्रुनोला एक. कधी दोन. पाव लिटर म्हशीच्या दुधाच्या २७५ कॅलरी. चालण्यात खर्च होतात ढोबळमानाने किलोला किलोमीटरमागे एक, म्हणजे ३९ किलोच्या कुत्र्याला तीन किलोमीटरला १२० च्या आत. तो जेवढं चालला त्याच्या दुपटीहून जास्त पिऊन घरी येत होता, आणि हे सगळं मी सांगितलेल्या व्यायामामुळे.

मी आठ हात मोजले होते. नववा कट्ट्यावर होता आणि वहीत त्याला पानच नव्हतं. आज्जींची माफी मागायला मी घरी गेलो. चहा मिळाला, माफीचं काही कळलं नाही.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच. पाडव्याला पुरणपोळीचा तुकडा गेला, वहीत लिहून गेला. मेच्या मध्याला ३६ वर वेग मंदावला म्हणून २६० चे २४० केले, वजन उतरलं की गरजही उतरते. जूनअखेरीपासून आमच्याकडचा पाऊस सुरू झाला आणि चालणं जवळजवळ बंद. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की माणसं घराबाहेर पडत नाहीत, तिथे कुत्र्याचं काय. तरी वजन उतरत राहिलं. चालणं सांध्यांना, स्नायूंना, मनाला हवंच, पण किलो उतरतात ते भांड्यातून. पावसात नातू डब्यातले दाणे जिन्यावर आणि माळ्यावर लपवून ठेवायचा, ब्रुनो हुंगत शोधायचा. तेवढीच मेहनत. जुलै संपता संपता काट्यावर ३३.४.

इथे बरीच घरं चुकतात. वजन आलं, सुटलो, म्हणून जुनं जेवण सुरू. मी दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवत नेलं: २७०, ३००, ३४०. ३६० वर दोन शनिवार काटा चढला, म्हणून परत ३४० वर. तिथे तो स्थिरावला. चतकोर धरून १,२१० कॅलरी. सूत्र म्हणत होतं १,५४०. तीनशेहून जास्त कॅलरींचा फरक! सूत्र हा पहिला अंदाज असतो, शेवटचा शब्द काट्याचा. घरात राहणारा, नसबंदी झालेला, नुकताच वजन उतरलेला कुत्रा सूत्रापेक्षा कमी खातो हे नेहमीचं. त्यात लॅब. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की सुमारे पाव लॅब्रॉडॉरांमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. पुढे २०२४ मध्ये असंही दिसलं, की अशी कुत्री स्वस्थ असताना ऊर्जाही पाव हिश्श्याने कमी जाळतात. भूक जास्त, खर्च कमी. तुमचा लॅब जेवल्यावर पाच मिनिटांत पुन्हा 'उपाशी' नजर लावत असेल तर तो नाटकी आहे असं समजू नका, आणि त्याचं ऐकूही नका.

लहान कुत्री पाळणाऱ्यांना एक आकडा देतो. पाच किलोच्या पॉमेरियनला सूत्राप्रमाणे दिवसाला ३७५ कॅलरी पुरतात. वर सांगितलेली शाळूची एक भाकरी ३१० ची. तुमचं तिसरं बिस्किट त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा पुरा करतं.

सप्टेंबरात लसीसाठी ब्रुनो आला तेव्हा पायरी स्वतःच चढला. नातीने वही पुढे केली, चौथी वही. शेवटची नोंद ३३.६. मागच्या आठवड्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त कसं, म्हणून मी पानं मागे उलटली. बुधवारच्या पानावर आबांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "आज चतकोर मोठी होती. ११ ग्रॅम. हिला सांगू नये."